वाचकांचे प्रश्न : नोटाबंदी, जीएसटी, निर्यातबंदी आणि सोलापूरची नाराजी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे सोळा माग होते, आज त्यांपैकी सात चालतात. २०१४ आणि २०१९ या दोन्ही निवडणुकांत आमच्या घरातील सर्वांनी मोठ्या आशेने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या पक्षाला मत दिले. त्यानंतर नोटाबंदी, जीएसटी आणि टाळेबंदी आली आणि प्रत्येक वेळी व्यापाऱ्यांकडील आमची उधारी लांबत गेली. मुलगा म्हणतो, सगळे दिल्लीच्या धोरणांमुळे झाले. थोरले बंधू म्हणतात, सोलापूरचा धंदा त्याआधीच बसला होता, पंतप्रधानांना दोष कशाला? मला दोघांचेही काही पटते आणि काही पटत नाही. खरे काय मानावे आणि या नाराजीचे करावे काय? — एक यंत्रमागधारक

उत्तर : आपल्या बंधूंचे म्हणणे आधी घेतो, कारण ते टाळून पुढे गेलो तर बाकीचे विवेचन लंगडे पडेल. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबले ते २०१४ च्या फार आधी. धोट्याचे जुने साधे माग बदलण्यासाठी लागणारे भांडवल आपल्या कारखानदारांकडे कधीच पुरेसे नव्हते, पानिपतसारख्या केंद्रांशी स्पर्धा जुनीच होती आणि साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगर या भागांतील मागकामगारांची मुले मागावर उभी राहण्याऐवजी पुणे-हैदराबादची वाट धरू लागली त्यालाही बरीच वर्षे झाली. हे सर्व कोणा एका पंतप्रधानांच्या नावावर टाकता येणार नाही.

तथापि आधीच अशक्त झालेल्या धंद्यावर कोणते निर्णय कोणत्या पद्धतीने आले, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे आपल्या मुलाचे बोलणे मला अधिक वजनदार वाटते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून पाचशे आणि हजाराच्या नोटा त्याच मध्यरात्रीपासून रद्द केल्या आणि मूल्याच्या हिशेबाने देशातील सुमारे ८६ टक्के चलन व्यवहारातून बाद झाले. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्राचा बराचसा व्यवहार ज्या दारातून होतो तेच दार बंद झाले. ज्याचा आठवड्याचा पगार रोखीने वाटला जातो आणि ज्याचे सूत रोखीच्या ओळखीवर येते, त्या यंत्रमागधारकाला धनादेश आणि खात्यांची सवय लावून घेण्यासाठी काही महिने मिळायला हवे होते. त्याला चार तास मिळाले. पुढे रिझर्व्ह बँकेनेच २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचे नोंदवले. काळा पैसा नोटांच्या रूपात दडून राहील आणि परत येणारच नाही, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय वैध ठरवला, हे खरे आहे, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र एवढे मोठे पाऊल संसदेच्या कायद्यानेच टाकायला हवे होते, असे मत नोंदवले. निर्णय कायदेशीर होता की नाही याचा निकाल लागला; तो आवश्यक होता का आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा आपला हक्क त्या निकालाने संपलेला नाही. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी किंमत आपल्यासारख्या छोट्या उत्पादकाने आणि त्याच्या कामगाराने मोजली आणि सरकारने त्याची जाहीर कबुली आजवर दिलेली नाही.

जीएसटीविषयी मी इतके कठोर बोलणार नाही. ती कल्पना अनेक सरकारांनी मिळून वाढवलेली होती, अनेक करांचे जंजाळ त्यामुळे कमी झाले आणि १ जुलै २०१७ पूर्वी तिच्यावर बरीच वर्षे चर्चाही झाली. छोट्या उत्पादकाला तिचा जाच होतो तो दरापेक्षा पैसा कधी भरायचा यात. आपण दहा लाखांचे टॉवेल नव्वद दिवसांच्या उधारीवर विकले, तर पाच टक्क्यांनी पन्नास हजारांचा कर बिलाच्या तारखेवरून देय ठरतो, पैसे हातात आल्यावर नव्हे. त्यासाठी सात लाखांचे सूत घेतले असेल तर पस्तीस हजार सुताच्या बिलातच गेलेले असतात आणि उरलेले पंधरा हजार पुढील महिन्यात सरकारला भरायचे असतात. म्हणजे व्यापाऱ्याकडून एक रुपया येण्याआधीच पन्नास हजार आपल्या खिशातून गेले. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा मोठी असलेल्या कारखान्याला हे जाणवत नाही. सात मागांवर जगणाऱ्याला महिन्याचा पगार थांबवण्याइतके जाणवते.

उधारीवर उपाय म्हणून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये २०२३ साली एक तरतूद जोडली गेली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. हेतू चांगला होता. पण ठरलेल्या मुदतीत पैसे देण्याची सवय नसलेला खरेदीदार त्यामुळे सुधारतोच असे नाही. तो नोंदणी नसलेल्याकडून किंवा मोठ्या कारखान्याकडून माल घेऊ लागतो. हा धोका कायदा करण्याआधी चाटी गल्लीच्या कापडबाजारातील कोणत्याही दलालाने सांगितला असता, त्याला विचारायला हवे होते.

भांडवली मदतीचे चित्र मला सर्वांत अन्यायाचे वाटते. मागांच्या आधुनिकीकरणासाठी अनुदान देणारी सुधारित तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली. त्याच सुमारास वस्त्रोद्योगासाठी १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, परंतु ती कृत्रिम धाग्याच्या आणि तांत्रिक वस्त्रांसाठी होती आणि तिच्या मूळ अटींनुसार किमान गुंतवणूक शंभर कोटींची होती. सुती टॉवेल आणि चादर विणणारा सोलापूरचा कारखानदार धागा आणि भांडवल या दोन्ही कारणांनी तिच्या बाहेरच राहिला.

आता नाराजीचे काय करावे? नोटाबंदीचा निर्णय पंतप्रधानांनी स्वतः जाहीर केला, म्हणून त्याचा जाब त्यांनाच विचारणे योग्य आहे. जीएसटीचा दर मात्र केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि राज्यांचे दोन तृतीयांश आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या प्रतिनिधीलाही तितक्याच ठामपणे धरायला हवे. हे वायफळ नसते, याचे उदाहरण आपल्याच धंद्यात आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये परिषदेने कापडाचा कर ५ वरून १२ टक्के करण्याचे ठरवले, नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू होणार होता. देशभरातील वस्त्रव्यावसायिकांनी आणि अनेक राज्यांनी आपले हिशेब पुढे ठेवून विरोध केला आणि ३१ डिसेंबरला, म्हणजे अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी, परिषदेने ती वाढ रोखली. आपल्या संघटनेने पन्नास हजारांचे वरील गणित प्रत्यक्ष बिलांसह मांडावे आणि छोट्या घटकांचा कर पैसे मिळाल्यावर देय धरण्याची मागणी करावी. थकलेल्या उधारीसाठी छोट्या उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीच्या आधारे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. ती केली की व्यापारी तुटतो, ही भीती मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. म्हणून निदान जो व्यापारी आधीच तुटला आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : आई गेली अनेक वर्षे विड्या वळते. कुंभारीच्या रे नगरमध्ये आम्हाला घर मिळाले आणि चाव्या वाटायला स्वतः पंतप्रधान आले होते. विडीचे काम मात्र आठवड्यातून जेमतेम तीन-चार दिवस मिळते. आईने सरकारविरुद्ध बोलले की शेजारच्या मावशी म्हणतात, ज्यांच्यामुळे घर मिळाले त्यांनाच नावे ठेवता? आईचे चुकते का? — विडी कामगाराची मुलगी

उत्तर : आपल्या आईचे काहीही चुकत नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरमधील १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले तेव्हा पंतप्रधान भावुक झाले होते, त्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही आणि प्रकल्पाला केंद्राचे सहाय्य मिळाले याचे श्रेयही नाकारत नाही. परंतु प्रधानमंत्री आवास योजनेतील प्रत्येक घरामागे केंद्राच्या दीड लाखाबरोबर राज्याचा एक लाख होता, उरलेली रक्कम कामगारांनी स्वतःच्या बचतीतून आणि कर्जातून उभी केली आणि त्याआधी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी वर्षानुवर्षे लढा दिला. आपले घर आईने मिळवलेले आहे. त्याच्या बदल्यात गप्प राहण्याचा करार तिने कोणाशीही केलेला नाही.

रोजगाराबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जीएसटीबरोबर विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के कर आला आणि त्याच वेळी विडी कामगार कल्याण उपकर रद्द झाला. दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या निधीतून चालत, त्याचा स्वतःचा स्रोत त्यामुळे गेला आणि ती कामे सर्वसाधारण अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने विडीचा दर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, तरी तो उपकर परत आला नाही. तंबाखूवर जड कर असावा हे आरोग्याच्या दृष्टीने मला मान्य आहे, कारण ती धूळ आपल्या आईच्याच छातीत जाते. मात्र कर वाढवून काम कमी करायचे असेल, तर त्या कराचा काही भाग या बायकांना दुसरे काम शिकवण्यासाठी आणि तोवर त्यांच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवणे हे सरकारचे कर्तव्य होते. आईने हेच म्हणावे, मावशींसमोरसुद्धा.

प्रश्न : महाविद्यालयात आर्थिक धोरणांवर टीका केली की काही मित्र देशद्रोही म्हणतात. कायद्याने तसे ठरू शकते का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही. केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच स्पष्ट केले की, हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर सरकारवरील कितीही कडक टीका राजद्रोह ठरत नाही. १९३० मध्ये सरकारविरुद्ध उभे राहिले म्हणून ज्या शहराने लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी जाताना पाहिले, त्या सोलापुरात तरुणाला हा प्रश्न विचारावा लागतो, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रश्न : आम्ही बार्शी तालुक्यातील कांदा उत्पादक. निर्यातबंदीने आमचे नुकसान केले, पण बंदी नसतानाही भाव पडतो. मग मागणी नेमकी काय करावी? — शेतकरी बंधू

उत्तर : आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत आपल्याच तालुक्यातील एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता दोन रुपये मिळाले, तेव्हा निर्यातबंदी नव्हती. आवक प्रचंड होती. राज्याने त्या हंगामासाठी क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, त्याने घाव भरला नाही. मात्र त्याच वर्षी भाव सुधारू लागताच केंद्राने १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट बंदी लादली. ती ४ मे २०२४ रोजी उठली आणि शेवटचे २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेले. भाव पडल्यावर शेतकरी एकटा आणि भाव चढल्यावर सरकार ग्राहकाच्या बाजूला, हा त्यातील खरा अन्याय आहे. बंदी चालू असतानाच एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा आपल्याकडे संताप का उसळला हे दिल्लीला कळायला हवे होते.

डिसेंबरची बंदी सोलापूरला नाशिकपेक्षा अधिक झोंबते, हे निवेदनात अवश्य लिहा. नाशिकचा उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. आपला खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे उशिरा खरिपातला, लाल कांदा पाणीदार असतो, तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघतो आणि लगेच विकावाच लागतो; बंदी उठेपर्यंत थांबण्याचा मार्ग आपल्याला नाही. म्हणून केवळ ‘बंदी नको’ एवढे म्हणून थांबू नका. निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी जाहीर करून ते निदान त्या हंगामात बदलू नये, हंगामाच्या मध्येच शुल्क किंवा बंदी आणल्यास भावातील फरक सरकारने भरून द्यावा आणि नाफेडची खरेदी मुख्यतः उन्हाळी कांद्यापुरती न ठेवता भाव कोसळतील तेव्हा सोलापूरच्या लाल कांद्यालाही लागू करावी, या तीन मागण्या एकत्र करा. खरिपाची रोपे पावसाच्या तोंडावर टाकली जातात. त्यामुळे धोरणाची घोषणा मे महिन्याच्या आत व्हावी, असे तारखेसह लिहून ते निवेदन आपल्या खासदारांकडे अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी पोहोचवा.