फ्लो सायटोमीटरच्या एफसीएस फाइली सीएसव्ही करून मूळ फाइली पुसून टाकल्या तर चालेल का?

आपण ऐरोलीतील कंपनीत सॉफ्टवेअर लिहिता, ठाण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबचे काम आपल्याकडे आले आहे, तिथल्या एफसीएस फाइली (फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्राच्या डेटा फाइली) एक्सेलमध्ये उघडत नाहीत आणि जागा वाचवण्यासाठी त्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या आकड्यांची साधी मजकूर फाइल) करून मूळ फाइली पुसाव्यात असे आपल्या मनात आहे, असे प्रश्नावरून समजते. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका लॅबच्या फ्लो सायटोमेट्री विभागात काम करतो. सीएसव्ही हवी तर जरूर करा, पण मूळ फाइलीला हात लावू नका.

जागेचा प्रश्न तर फारसा उरतच नाही. यंत्रातून एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि प्रत्येक पेशीमागे पुढे व बाजूला विखुरलेला प्रकाश, शिवाय पेशींना लावलेल्या प्रत्येक रंगद्रव्याची चमक असे आकडे नोंदले जातात. एक लाख पेशी, प्रत्येकीचे चौदा आकडे आणि दर आकड्याला चार बाइट धरले, तर डेटाचे छप्पन्न लाख बाइट होतात. मोबाइलमधील एखाद्या फोटोइतकीच ही फाइल झाली. तीच माहिती सीएसव्हीत लिहिली, तर ती बहुधा अधिकच जागा घेते.

एफसीएस हे मानक १९८४ मध्ये प्रथम मांडले गेले. १९९० मध्ये २.०, १९९७ मध्ये ३.० आणि २०१० मध्ये ३.१ या आवृत्त्या आल्या, त्यानंतर ३.२ आली. आज ते आयसॅक या आंतरराष्ट्रीय सायटोमेट्री संस्थेकडे आहे. फाइलीच्या सुरुवातीच्या ५८ बाइटमध्ये आवृत्तीचे नाव आणि पुढील भाग कुठून कुठपर्यंत आहेत याचे पत्ते असतात. त्यानंतर वर्णनाचा मजकूर आणि आकड्यांचा भाग येतो. विश्लेषणाचा भाग ऐच्छिक असून तो बहुतेक वेळा रिकामाच असतो. सीएसव्ही करताना नेमका वर्णनाचा भाग गळतो, आणि त्याच्याशिवाय आकड्यांना अर्थ राहत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. जुन्या यंत्राच्या फाइलीत एका पेशीची चमक ५१२ आणि दुसरीची ७६८ अशी नोंदलेली आहे. नुसते आकडे पाहणाऱ्याला दुसरी पेशी दीडपट तेजस्वी वाटेल. परंतु वर्णनात त्या मापासाठी कमाल मर्यादा १०२४ आणि प्रवर्धन (यंत्राने संकेत कसा वाढवला याची नोंद) ‘४,१’ असे लिहिले असेल, तर ती मोजपट्टी लॉगरिदमिक असून १०२४ घरांत दहाचे चार टप्पे बसवलेले आहेत. मग ५१२ म्हणजे १०० आणि ७६८ म्हणजे १०००; फरक दीडपट नसून दहापट आहे. काही यंत्रे येथे ‘४,०’ असे चुकीचे लिहितात. त्यातील शून्य तसेच वापरले तर सगळी उत्तरे शून्य येतील, म्हणून ३.१ मानकाने ते ‘४,१’ असेच वाचावे अशी सूचना केली आहे.

दुसरी बाब रंगांच्या सरमिसळीची. एका रंगद्रव्याचा थोडा प्रकाश शेजारच्या रंगाच्या डिटेक्टरमध्येही पडतो. तो किती पडतो याचा तक्ता ३.१ पासून वर्णनातच ठराविक नावाने लिहिला जातो. त्याआधी कंपन्या तो आपापल्या नावाने लिहीत. फाइलीतील आकडे बहुधा ही दुरुस्ती करण्यापूर्वीचे असतात, तर सीएसव्हीतील आकडे दुरुस्तीपूर्वीचे की नंतरचे हे सीएसव्ही कुठेच सांगत नाही. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) तपासणीत एखादी खूण, म्हणजे पेशीचा प्रकार ओळखण्याचे प्रथिन, पेशींवर आहे की नाही, हे या दुरुस्तीवर अवलंबून असू शकते. ठाण्यात तपासणी झालेला रुग्ण पुढे खारघरला किंवा परळला गेला आणि तिथल्या डॉक्टरांना मूळ डेटा पाहावासा वाटला, तर अशा सीएसव्हीवर त्यांनी विश्वास ठेवू नये, असेच मी म्हणेन.

वाचक प्रोग्राम शक्यतो स्वतः लिहू नका. आर भाषेत फ्लोकोअर आणि पायथॉनमध्ये फ्लोआयओ हे तयार संच आहेत. तरीही लिहायचाच असेल तर बाइटचा क्रम (एका आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने लिहिले आहेत ते) गृहीत न धरता वर्णनातून घ्या, आणि प्रत्येक भागाचा शेवटचा पत्ता हा त्याच्या शेवटच्या बाइटचाच असतो, त्यापुढच्याचा नाही, हे ध्यानात ठेवा. पत्त्यांना प्रत्येकी आठच अक्षरे मिळतात. त्यामुळे ९,९९,९९,९९९ बाइटच्या पुढे जाणाऱ्या फाइलीत ३.० पासून सुरुवातीच्या भागात पत्त्याच्या जागी शून्य असते आणि खरे पत्ते वर्णनात सापडतात.

मात्र एफसीएस फाइल जपली म्हणजे सारे जपले, असेही नाही. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) म्हणून आलेखावरील पेशींचा कोणता घोळका धरला, त्याभोवतीची सीमारेषा, म्हणजे गेट, कुठे आखली, हे साधारणपणे त्या फाइलीत नसते. ते विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र फाइलीत राहते. सीमारेषा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून गेटिंग-एमएल हे वेगळे मानक आहे, पण आपल्या लॅबचे सॉफ्टवेअर ते लिहू शकते का, हे विचारून घ्यावे लागेल. लिहीत नसेल तर त्याची मूळ विश्लेषण फाइल अहवालाच्या पीडीएफसोबत ठेवा.

वर्णनाच्या भागात रुग्णाचे नाव, नमुना क्रमांक आणि तपासणी करणाऱ्याचे नावही असू शकते. फाइलीचे नाव बदलले म्हणून आतील नाव जात नाही. बाहेर पाठवण्याची प्रत वेगळी करून तिच्यातील या नोंदी काढाव्यात आणि मूळ प्रत लॅबमध्येच ठेवावी.

काम सुपूर्द करण्यापूर्वी लॅबमधील प्रत्येक यंत्राची एकेक फाइल घ्या. ती लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि आपल्या प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे रंगांची दुरुस्ती बंद ठेवून उघडा आणि एकूण पेशींची संख्या व प्रत्येक मापाचा मध्यक जुळतो का ते पाहा. संख्या जुळूनही मध्यक भलताच आला, तर आधी बाइटचा क्रम आणि मग प्रवर्धनाची नोंद तपासा.