केदारनाथला नऊवारी चालेल का?

प्रश्न : आम्ही घरातले चौघं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हरिद्वार, केदारनाथ, बद्रीनाथ आणि जमलं तर तुंगनाथ करणार आहोत. सासूबाई सत्तरीच्या आहेत. जन्मभर नऊवारी नेसल्या, पंजाबी ड्रेसला अजिबात तयार नाहीत. त्यांच्यासाठी घोडा करणार आहोत. मी, यजमान आणि बारा वर्षांचा मुलगा चालत जाऊ. कुणी म्हणतं ऑक्टोबरात तिथे छान ऊन असतं, कुणी म्हणतं बर्फ पडतो. नेमकं कुणाचं ऐकायचं? जाड स्वेटर किती घ्यायचे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी सासूबाईंचं सांगते. त्यांना ड्रेसची सक्ती करू नका. घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं, आणि त्यासाठी काष्ट्याचं लुगडं पाचवारीपेक्षा कितीतरी सोयीचं. पाचवारीतल्या बायकांची खोगिरावर चढतानाच तारांबळ उडते, निऱ्या सुटतात, पोटऱ्या उघड्या पडतात आणि वाटभर एक हात साडी सावरण्यातच अडकतो. आमच्या गटात बार्शीकडच्या एक आजी होत्या. काष्टा घट्ट खोचून ज्या बसल्या त्या थेट वर जाऊन उतरल्या, कुणाला हात लावू दिला नाही. बघायचं ते एवढंच, की लुगडं कशाचं आहे आणि त्याच्या आत काय घातलंय.

सुती इरकल घरी ठेवा. सूत पाणी पितं, जड होतं, आणि केदारनाथच्या गारठ्यात रात्रभर दोरीवर टाकलं तरी सकाळी हाताला ओलंच लागतं. पॉलिस्टरची, झटकली की वाळायला लागतात अशी दोन लुगडी पुरेत. (मात्र शेकोटीपाशी किंवा चहाच्या टपरीतल्या चुलीपाशी बसताना पदर आवरून बसायला सांगा. असं कापड आगीने वितळून कातडीला चिकटतं.) आत घोट्यापर्यंतची थर्मल पँट. पोटरीशी जरा दिसली तर दिसू दे, देव काही म्हणत नाही. वर ब्लाउजच्या आत पूर्ण बाह्यांचं पातळ थर्मल. नेहमीचा ब्लाउज त्यावर बसणार नाही, म्हणून एक-दोन ब्लाउज सैल शिवून आणा, आणि ते आत्ताच टाका शिंप्याकडे. हे काम बहुतेकांना निघायच्या आदल्या रात्री आठवतं आणि मग थर्मल सबंध प्रवासात पिशवीतच राहतं. त्यावर पुढून बटणं असलेला लोकरीचा स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर अंबाडा आणि पदर सांभाळत घोड्यावर काढता-घालता येत नाही.

आता जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ते. चालणाऱ्याचं अंग आतून तापतं, घोड्यावर बसलेल्याचं तापत नाही. एकाच वळणावर तुमचा मुलगा स्वेटर कंबरेला बांधून घाम पुसत असेल आणि त्याची आजी कुडकुडत असेल. दोघं एकाच हवेत आहेत म्हणून दोघांना सारखे कपडे घालू नका. सासूबाईंच्या अंगावर तुमच्यापेक्षा एक कपडा जास्त हवा आणि तो निघतानाच हवा, कारण गारठलेल्या म्हाताऱ्या माणसाला नंतर ऊब यायला फार वेळ लागतो. कानटोपी, मफलर, लोकरीचे मोजे. हातमोजे तर हवेतच. चढाच्या वाटेवर तासन् तास खोगिराची कडी धरून बसायचं असतं, बोटं बधिर होतात. आणि अधूनमधून विचारत राहा. ही पिढी “मला काही होत नाही” म्हणण्यात पटाईत. त्यांच्या बोलण्यावर विसंबू नका, तळहात धरून बघा.

ऊन की बर्फ, याचं उत्तर दोन्ही. हरिद्वार ३१४ मीटरवर आहे आणि केदारनाथ ३५८३ मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे हरिद्वारला दुपारी ३१ अंश असतील तर त्याच वेळी केदारनाथला दहाच्या आसपास, आणि रात्री पारा शून्याजवळ किंवा त्याखाली. तुम्ही दोन दिवसांत चैत्रातून पौषात जाणार आहात. त्यात मान्सून सप्टेंबरअखेर उत्तराखंडातून मागे फिरतो, आकाश निळंशार होतं आणि लोक रेनकोट घरी टाकून येतात. पण भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात याच सुमारास डोकं वर काढतात. एखादा आला की खाली पाऊस, वर बर्फ. २०२१ साली १७ ते १९ ऑक्टोबरला उत्तराखंडात जो पाऊस झाला, त्यात कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पडला आणि चारधाम यात्रा थांबवावी लागली. तेव्हा परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

जाड स्वेटर किती? चालणाऱ्यांसाठी एकही नाही. गौरीकुंडापासून वर सोळा किलोमीटर आणि सोळाशे मीटरचा चढ आहे. थंडीला घाबरून पहाटे जाड स्वेटर आणि जर्किन चढवून निघालेली माणसं अर्ध्या वाटेपर्यंत आतून चिंब झालेली मी दरवर्षी बघते. मग ती चहाला टेकतात, ढग येतो, वारा सुटतो, आणि तोच घाम अंगावर बर्फासारखा गार होतो. हिमालयात यात्रेकरू बऱ्याचदा हवेपेक्षा स्वतःच्या घामानेच गारठतो, म्हणून माझा सगळा भर घाम वाळण्यावर आहे. अंगालगत बनियन किंवा सुती टी-शर्ट नको, खेळाडू घालतात तसला पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कापडाचं उबदार जॅकेट. त्यावर वारा अडवणारं विंडचीटर. चालायला लागताना किंचित गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटांत बरोबर होतं. घाम फुटायच्या आधी एक कपडा उतरवा आणि थांबलात की अंग गार व्हायच्या आधी चढवा. मुलगा ऐकणार नाही, त्याच्याकडे तुम्हीच लक्ष द्या. पिसांचं किंवा तसल्या भरावाचं हलकं जॅकेट प्रत्येकी एक असू दे, पण ते थांब्यासाठी आणि रात्रीसाठी. पिसांचं जॅकेट भिजलं की ऊब संपली, त्यामुळे ते पावसात बाहेर काढू नका.

जीन्स कुणीच नेऊ नये. यजमानांना विशेष सांगा. पुरुषांना जीन्स सोडवत नाही आणि भिजलेली जीन्स तिथे दोन दिवस वाळत नाही.

पावसासाठी पँट आणि वरचा कोट असा दोन तुकड्यांचा रेनकोट इथूनच घ्या. वाटेवर पातळ प्लॅस्टिकचे मिळतात, पण ते खोगिराला घासून फाटतात. घोड्यावर झोळदार पोंचो बरा, गुडघ्यांवर पसरतो. छत्री नको. वाऱ्यात टिकत नाही, आणि अरुंद वाटेवर अचानक उघडलेल्या छत्रीला खेचर बुजलं तर बसलेल्याचं काय होईल याची कल्पना करा. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून कपडे तिच्यात भरा. वरचं कव्हर पाठीकडून गळतं.

मंदिरापाशी पादत्राणं काढावी लागतात आणि रांगेत गारठलेल्या दगडी फरशीवर बराच वेळ उभं राहावं लागतं. प्रत्येकाच्या खिशात कोरड्या लोकरी मोज्यांचा एक जोड हवा. रांगेत एक जोड घालून उभे राहा, बाहेर आलात की तो काढून कोरडा चढवा. रात्री झोपतानाही दिवसभराचे मोजे नकोत. दिवसाच्या उन्हाला मात्र कमी लेखू नका. एवढ्या उंचीवर ऊन चामडी सोलून काढतं, नाकाचा शेंडा आधी. गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांना लावायला काहीतरी. सासूबाईंना साजूक तूप आवडेल, पण ते उन्हापासून वाचवत नाही. तूप रात्री लावावं.

बद्रीनाथपर्यंत गाडी जाते, त्यामुळे तिथे लोक गाफील राहतात. तप्तकुंडात स्नान करून ओल्या केसांनी बाहेर वाऱ्यात येणं हे सत्तरीच्या बाईला महागात पडेल. डोक्यावरून पाणी घेऊ नका म्हणावं. तुंगनाथ ३६८० मीटरवर, केदारनाथहूनही उंच आहे. चोपत्यापासून वाट छोटी, पण वर वारा बोचरा. सासूबाईंच्या अंगात त्राण उरलं असेल तरच जा. डोकं ठणकणं, ओकारी, तोल जाणं ही थंडीची लक्षणं नव्हेत, विरळ हवेची आहेत. त्यावर स्वेटर चढवून काही होणार नाही, लगेच खाली उतरायचं. निघण्याआधी त्यांना डॉक्टरांना दाखवा, आणि दिवाळी कधी आहे तेही पंचांगात बघून घ्या. भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात.

प्रश्न : ऑक्टोबरच्या मध्यावर मित्रांसोबत हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा विचार आहे. पावसाळा संपलेला असेल, मग काय न्यावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पावसाळा संपलेला असेल असं धरून चालू नका. परतीचा पाऊस दुपारी गडगडत येतो, तासाभरात झोडपून जातो आणि त्यात विजा असतात. चढाई सकाळी उरका. ढग जमायला लागले की तारामतीच्या माथ्यावर किंवा कोकणकड्याच्या कडेला थांबू नका.

कपड्यांचं म्हणाल तर या दिवसांत सह्याद्रीत माझा सगळ्यात मोठा शत्रू कुसळं. गवत पिकलेलं असतं आणि कुसळ लोकरीत, फ्लीसमध्ये, जाड मोज्यांत असं रुततं की रात्री शेकोटीभोवती सगळे कुसळं उपटत बसतात. बाहेरून गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला आणि मोज्यांवर गेटर्स, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंतची कापडी वेष्टनं, चढवा. हाफ चड्डीत पोटऱ्या ओरबाडून निघतील. दिवसा ऑक्टोबर हीट आहे, तेव्हा पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद कडांची टोपी. फ्लीस सॅकमध्येच राहू दे, रात्रीसाठी. पहाटे दव एवढं पडतं की बाहेर ठेवलेले बूट चिंब होतात. बूट तंबूच्या आत घ्या.

प्रश्न : ऑक्टोबरअखेर लेकीकडे म्युनिकला जातोय, मी आणि मिस्टर. पहिल्यांदाच परदेश. इथून जाड कोट शिवून न्यावेत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कोट तिकडेच घ्या, लेकीला आधी सांगून ठेवा. नागपुरात मिळणारा जाड कोट वाऱ्याला अडवेल याची खात्री नाही आणि बॅगेतली अर्धी जागा खाईल.

तिथली गंमत अशी की बाहेर आठ अंश आणि घरात, ट्राममध्ये, दुकानात वीस-बावीस. थर्मल घालून दुकानात शिरलात की पाच मिनिटांत जीव गुदमरतो, आणि आतला कपडा चारचौघांत काढता येत नाही. म्हणून थर्मल फक्त लांब फिरायला जाताना. एरवी साध्या कपड्यांवर चेनचं स्वेटर आणि वरून कोट, म्हणजे दारातच दोन्ही उतरवता येतात. साडीवरही हेच. आल्प्सवरून फ्योन नावाचा कोरडा, ऊबदार वारा कधीमधी येतो, तेव्हा ऑक्टोबरात एखादी दुपार वीस अंशांच्या वर जाते, काहींचं डोकं दुखतं, आणि वारा पडला की पारा पुन्हा झपाट्याने उतरतो. सकाळी ऊन दिसलं म्हणून कोट घरी ठेवून निघू नका.

जास्त पैसे बुटांवर खर्च करा. बारीक रिपरिप आणि रस्त्यावर ओल्या पानांचा थर असतो, गुळगुळीत तळाचे बूट त्यावर घसरतात. पाणी आत न शिरणारे, खोल खाचांच्या तळाचे बूट इथूनच घ्या आणि निघण्याआधी पंधरा दिवस घालून रोज फुटाळ्याला फेरी मारा.