फ्लूचा ताप आणि सासूबाईंचं म्हणणं

प्रश्न : पाऊस लागल्यापासून आमच्या घरात एकामागून एक सगळे आजारी पडले. नऊ वर्षांच्या मुलाला 103 ताप होता, तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, भरपूर पाणी पाजा म्हणाले. अँटिबायोटिक दिलं नाही. सासूबाई म्हणतात, ताप मारू नये, तो आतला रोग जाळतो. चौथ्या दिवशी ताप गेला, पण दोन आठवडे झाले तरी खोकला आहेच. घरात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात, त्या देऊ का? आणि गोवर एकदाच होतो, मग फ्लू पुन्हा पुन्हा कसा?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी त्या गोळ्यांचं. त्या देऊ नका. अँटिबायोटिक जिवाणूच्या पेशीभित्तीवर किंवा त्याच्या प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालतं. फ्लूच्या विषाणूकडे भिंतही नाही आणि यंत्रणाही नाही. तो काम करतो ते तुमच्या मुलाच्या पेशींकडून करवून घेतो.

हे मी एकतीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रयोगशाळेत आम्ही हा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवायचो. दहा दिवसांचं अंडं अंधारात दिव्यासमोर धरलं की आतल्या लाल शिरा आणि हलणारा जीव दिसतो. सुईने थेंबभर द्रव आत सोडायचा, भोक मेणाने बंद करायचं. दोन-तीन दिवसांनी अंडं रात्रभर थंड करून आतलं पाणी काढायचं आणि त्यात कोंबडीच्या तांबड्या पेशी मिसळायच्या. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसून कुंकवाच्या टिकलीसारखा ठिपका होतो. असेल तर टिकली जमतच नाही, पेशी एकमेकींना धरून जाळीसारख्या पसरतात. मी पहिल्यांदा ती जाळी पाहिली तेव्हा बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

त्या पेशींना धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे हिमॅग्लुटिनिन. मुलाच्या श्वासनळीलाही विषाणू त्यानेच चिकटला. पेशीच्या अंगावर सियालिक आम्ल नावाची साखर असते, तिला हे प्रथिन पकडतं. मग पेशी स्वतःच त्याला बुडबुड्यात घालून आत ओढते. बुडबुडा आंबट होत जातो, तसं हेच प्रथिन आकार बदलतं आणि विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याची कृती लिहिलेल्या धाग्याचे, आठ तुकडे बाहेर पडून पेशीच्या केंद्रकात शिरतात. प्रथिनं बनवण्यासाठी पेशी जे संदेश काढते, त्यांची डोकी कापून विषाणू ती आपल्या संदेशांना जोडतो. पेशीला ते घरचेच वाटतात, आणि ती निमूट परक्याची प्रथिनं बनवू लागते. सहा-आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडायला लागतात. निघताना त्याच साखरेत अडकू नयेत म्हणून न्यूरामिनिडेज हे दुसरं प्रथिन ती साखर कापतं. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध नेमकी ही कात्री अडवतं, म्हणून ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगाचं.

पेशीही स्वस्थ बसत नाही. परका आरएनए ओळखला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. त्या मग प्रथिनं बनवण्याचं काम आवरतं घेतात, म्हणजे चोराला कारखाना बंदच मिळतो. 1957 मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना हे अंड्याच्या पडद्याच्या तुकड्यांवरच सापडलं, याचा मला आजही आनंद वाटतो. फ्लूचा विषाणू हा इशारा दाबायला एक प्रथिन बाळगून असतो, त्यामुळे सुरुवातीला तोच पुढे राहतो.

मग रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेली रसायनं रक्तातून मेंदूत खबर पोचवतात आणि मेंदू शरीराचं तापमान चढवतो. हुडहुडी, अंग मोडून येणं, जेवण नकोसं होणं, यातलं बरंचसं शरीराच्या लढाईचं लक्षण आहे. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे: ताप लढायला मदत करतो. पण ज्या पोराला ग्लानीमुळे पाण्याचा घोट जात नाही, त्याला पॅरासिटामॉल द्यावंच, वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन मात्र फ्लू झालेल्या मुलाला कधीही नाही. त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

खोकला का राहिला? श्वासनळीच्या आतल्या पेशींवर बारीक केस असतात, ते कफ वर ढकलतात. या पेशीच विषाणूने मारल्या. त्या पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. पण खोकला चार आठवड्यांपुढे गेला किंवा वजन घटलं तर दाखवा. ताप उतरून पुन्हा चढला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी जा. तो जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो आणि तेव्हा अँटिबायोटिक लागेल. कुठलं आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

गोवराच्या विषाणूला आपला बाहेरचा चेहरा फारसा बदलता येत नाही, म्हणून एकदाची ओळख जन्माला पुरते. फ्लूचा विषाणू आपल्या आरएनएची साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरं उतरवून काढतो आणि उतरवलेलं तपासत नाही. चुका राहतात, चेहरा बदलतो. कधी दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत आले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन नवीनच विषाणू जन्मतो. 2009 चा स्वाइन फ्लू तसाच घडला. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद होत्या, नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांची रांग होती. आमच्या घरी मी, नवरा, मुलगी, तिघंही आडवे. 78 वर्षांची आई मात्र आम्हाला पेज करून घालत होती. 1957 पूर्वी फिरणारा एच1एन1 हा फ्लूचा प्रकार या नव्याच्या नात्यातला होता, आणि तेव्हाच्या माणसांच्या शरीरात त्याची ओळख उरली होती. त्या वर्षी म्हातारी माणसं तुलनेने वाचली, ती बरीचशी याच कारणाने. एरवी फ्लूमध्ये म्हाताऱ्यांनाच जास्त जपावं लागतं.

म्हणून सासूबाईंना दरवर्षी लस द्या. बदललेल्या चेहऱ्याप्रमाणे तीही बदलत असते. टोचल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा पुढच्या वर्षी मे संपायच्या आत उरकून घ्या.