नुसतं 'हाय' पाठवू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. न्यूयॉर्कची टीम टाळते, म्हणून रोज एक जादा कॉल ठेवू का, असं विचारतेस. नको. आधी स्वतःचं चॅट उघड. दुपारी १२ ला तू नुसतं 'हाय, वेळ आहे का?' लिहितेस. तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे अडीच वाजलेले. सकाळी ९ ला तिकडचा सहकारी 'बोल' म्हणतो, तेव्हा पुण्यात साडेसहा आणि तू बसमध्ये. प्रश्न दुसऱ्या दिवशी जातो, उत्तर तू तिसऱ्या दिवशी वाचतेस. यात टाळलं कुणी?

माहिती लिहून द्यायची, मतभेद बोलून मिटवायचे. डेनिस आणि व्हॅलासिच या संवादमाध्यमांच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हाच भेद मांडला: माहिती वाचून पचवायला सवड लागते, एकमताला तिथल्या तिथे सवालजवाब.

तेव्हा पहिल्याच मेसेजात सगळं टाक: काय अडलंय, एररचा पूर्ण मजकूर (स्क्रीनशॉट नको, त्यातलं सर्चमध्ये सहसा सापडत नाही), काय करून पाहिलं, दोन पर्याय, तुझा कल. मुदत 'एंड ऑफ डे' लिहिलीस, तर दिवस कुणाचा संपायचा? 'गुरुवार, पुणे संध्याकाळी ७, न्यूयॉर्क सकाळी ९:३०' असं लिही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आपली नाही. साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो.

पण एकाच मुद्द्यावर दोघांचे तीन-तीन उलटसुलट मेसेज झाले, की टायपिंग बंद. कॉल कर. सांगितलं ना, मतभेद बोलून! नेट रडत असेल तर कॅमेरा बंद ठेव, आवाज सांभाळ. आवाज पोचायला दीडशे मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला, की माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. मग आपला माणूस 'सॉरी, यू गो अहेड' म्हणून गप्प बसतो, आणि तिकडे तो होकार धरला जातो.

कॉल संपला, की त्याच थ्रेडवर चार ओळी: काय ठरलं, काय राहिलं, कोण करणार, कधी. खाजगी चॅटवर नव्हे. कॉलवर नसलेल्या टेस्टरलाही ते दिसायला हवं. या हट्टापायी मला कारकून म्हणतात. म्हणोत. पंधरवड्याने 'असं कुठे ठरलं होतं?' यावर भांडत बसण्यापेक्षा कारकुनी परवडली.

अडलेला प्रश्न आजच नीट लिहून काढ. मला दाखवू नकोस, थेट त्यालाच पाठव. आणि जादा कॉलचं इन्व्हाइट गेलं असेल, तर आधी रद्द कर.