आधी आवाज बंद करून बघ
गाण्याच्या व्हिडिओवर पहिल्यांदाच लिहितेयस, तर आधी आवाज बंद करून बघ. मायकल जॅक्सनचा १९८३चा ‘बिली जीन’ घे. तो पाऊल ठेवेल ती फरशी उजळते. मागावर असलेला माणूस त्याचा फोटो काढतो, पण फोटोत जॅक्सन दिसतच नाही! सगळ्यांना हवा असलेला, कुणाच्याच हाती न लागणारा तारा इथे घडतो. मला तर हे त्याच्या नाचाहूनही प्रभावी वाटतं. कपड्यांच्या नोंदी थोडक्यात उरकल्यास तरी चालेल. कॅमेरा कुठे रेंगाळतो, बाकीचे कुणाकडे बघतात, चेहरा कधी दिसतो, हे मात्र सेकंदासकट टिपून ठेव. मग त्याचाच पुढचा व्हिडिओ लावून यातलं काय पुन्हा आलंय ते शोध.