मुलीसाठी जुनं, पण म्हातारं न वाटणारं नाव कोणतं? आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो.

रुक्मिणी ठेवा. हे नाव तुमच्याच भागातलं आहे. पुराणांत ती विदर्भराज भीष्मकाची लेक, आणि तिचं माहेर मानलं जाणारं कौंडिण्यपूर तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्याच काठावर आहे. तिथून दरवर्षी आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, त्यामुळे गावातल्या आजीलाही या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा याही कथांमधल्या विदर्भाच्याच राजकन्या. त्यातलं इंदुमती मला जास्त आवडतं, कारण घरी सहज ‘इंदू’ होतं. लोपामुद्रेचं ‘लोपा’ मात्र कानाला बरं वाटत नाही.

एक अडचण आहे: रुक्मिणीचं गावात ‘रुखमा’ होणारच. ते चालणार नसेल तर दमयंती बरं.

नाव ठरत नाही म्हणून जन्माची नोंद मात्र थांबवू नका. ती २१ दिवसांत, जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात करा; जन्म गावातच घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीत. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तेव्हा स्पेलिंग नीट पाहून घ्या, पुढे शाळेच्या दाखल्यात तेच चालतं.