तीस हजारांत पहिली एअर रायफल : काय घ्यावे आणि काय टाळावे

आपण तासगावहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत आहे, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझपदक जिंकल्यापासून तिला नेमबाजीचा ध्यास लागला आहे, शालेय स्पर्धेत उतरायची तिची इच्छा आहे आणि द्राक्षाच्या पैशांतून आपण तीस हजार रुपये त्यासाठी बाजूला काढले आहेत. एका दुकानदाराने दुर्बीण बसवलेली, ‘हजार फूट वेगाची’ रायफल अठ्ठावीस हजारांना सांगितली आहे. ती घ्यावी का?

घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस हजारांपैकी रायफलीवर निम्म्याच्या आसपास पैसे घालावेत आणि उरलेले छऱ्यांसाठी, रेंजच्या फीसाठी आणि जाण्यायेण्यासाठी राखून ठेवावेत. सांगली जिल्ह्यात मी अनेक मुलांना या खेळात येताना आणि काही महिन्यांत बाजूला पडताना पाहिले आहे. त्यांतल्या बहुतेकांकडे रायफल चांगली होती. सरावाला छर्रे नव्हते आणि शिकवणारा माणूस नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दुकानात याच ठिकाणी गल्लत होते. कुसाळे यांचे पदक ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम साधायच्या प्रकारातले आहे. त्यात ०.२२ ची, दारूच्या काडतुसावर चालणारी रायफल असते आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. आपल्या मुलीची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होईल, म्हणजे अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ज्या प्रकारात विश्वविजेता झाला, तो प्रकार. यात उभे राहून, दहा मीटरवरच्या कागदावर, ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्याने नेम साधायचा असतो. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

आता त्या हजार फुटांचा हिशेब पाहू. ऑलिंपिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या, दोन लाखांच्या वर किंमत असलेल्या रायफलींचा छर्राही सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आगेमागे सुटतो. दहा मीटरवरचा कागद भेदायला त्याहून जास्त वेग लागत नाही. हजार फुटांचा आकडा बहुधा अगदी हलक्या छऱ्यावर मोजलेला असतो, आणि तो वेग मिळवण्यासाठी स्प्रिंग इतकी कडक ठेवावी लागते की झटका वाढतो, आवाज वाढतो आणि तेरा वर्षांच्या मुलीला ती रायफल पंधरा-वीस वेळा ताणणेही जड जाते. दुर्बिणीचेही तसेच आहे. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याचशा दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असल्यामुळे दहा मीटरवर चित्र धूसर दिसते, आणि स्प्रिंग रायफलीच्या मागेपुढे बसणाऱ्या दुहेरी झटक्याने स्वस्त दुर्बीण लवकर ढिली होते. म्हणजे वेग आणि दुर्बीण या दोन्हींसाठी मोजलेले पैसे मुलीच्या एका गुणाच्याही उपयोगाचे नाहीत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजेच ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ५.५ मिलिमीटरची रायफल कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. ती या सवलतीत बसत नाही आणि या स्पर्धेतही चालत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन, आपल्या स्वतःच्या नावावर पक्के बिल घ्यावे, रायफल नेताना त्याची प्रत बरोबर ठेवावी आणि एसटीने किंवा दुचाकीवरून नेताना ती बंद पिशवीतच असावी.

प्रश्न राहतो तो स्प्रिंगची घ्यावी की हवेच्या सिलिंडरची, म्हणजे पीसीपी, याचा. पीसीपी रायफलीत आधीच दाबून भरलेली हवा झडपेतून सुटते, त्यामुळे झटका जवळजवळ नसतो आणि ट्रिगर, म्हणजे चाप, अतिशय हलका ठेवता येतो. वरच्या पातळीवरच्या सगळ्या रायफली आज याच प्रकारच्या आहेत. पण स्पर्धेच्या दर्जाची परदेशी पीसीपी, अगदी सुरुवातीच्या श्रेणीतली हेमर्ली एआर-२० धरली तरी, आपल्या रकमेच्या कितीतरी पुढे जाते, आणि वर हवा भरण्याची सोय लागते. तासगावात बसून दर वेळी सिलिंडर भरून आणायचा कोठून, हा प्रश्न खरेदीच्या आधीच सुटलेला असावा लागतो. म्हणून तीस हजारांत नळी मोडून ताणायची भारतीय बनावटीची स्प्रिंग रायफल हाच योग्य मार्ग आहे, असे मी मानतो. प्रेसिहोलसारख्या भारतीय उत्पादकांच्या साध्या रायफली या कामाला पुरेशा आहेत. मात्र त्यांतली सर्वांत ताकदवान नव्हे, तर सर्वांत मवाळ स्प्रिंगची मागून घ्या.

यात मुलीचे नुकसान नाही. शालेय स्पर्धांत एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट (मागच्या बारीक छिद्रातून पाहून नेम धरायची) असे दोन गट असतात. ओपन साइटमध्ये नळीच्या मागच्या खाचेतून पुढची दांडी पाहून नेम धरायचा असतो आणि त्यासाठी स्प्रिंग रायफल चालते. स्प्रिंग रायफलीत चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि मग छर्रा नळीतून बाहेर पडतो. या सगळ्याला पीसीपीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात हलला तर छर्रा लगेच भरकटतो. चाप ओढल्यावरही नेम क्षणभर तसाच धरून ठेवण्याची सवय त्यामुळे आपोआप लागते, आणि ही सवय पुढे कोणत्याही रायफलीवर कामी येते. रायफलीवर ११ मिलिमीटरची खाचेची पट्टी आहे ना, एवढे मात्र पाहून घ्या. पुढे पीप साइट बसवायची ठरली तर ती याच पट्टीवर बसते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. रायफल मुलीच्या अंगाला बसली पाहिजे, आणि त्यासाठी तिला दुकानात बरोबर न्यावेच लागेल. कोपर काटकोनात वाकवून, बटाचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचा, मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवायला सांगा; तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे. बोट ताणावे लागत असेल तर बट लांब आहे. मोठ्या माणसाच्या मापाची रायफल घेतलेले मूल पोहोच साधण्यासाठी मान पुढे काढते आणि पाठ मागे झुकवते, आणि सहा महिन्यांनी ती ढब मोडायला प्रशिक्षकाला वर्ष लागते. लाकडी बट सुताराकडून कापून घेता येतो आणि मूल वाढल्यावर कापलेला तुकडा मध्ये फळी घालून परत जोडता येतो. प्लास्टिकच्या बटात हे सहसा जमत नाही. म्हणून दोन हजार जास्त पडले तरी लाकडी बट घ्यावा.

त्यानंतर तिच्याकडून रायफल सलग वीस वेळा ताणून घ्या. छर्रा न घालता चाप मात्र ओढू देऊ नका, कारण रिकाम्या उडवण्याने दट्ट्याचे टोक खराब होते. दुकानदाराला तेवढे छर्रे वाया घालवायचे नसतील तर छऱ्यांचे पैसे आपण द्या. पंधराव्या वेळी तिचे खांदे वर चढले, ओठ आवळले गेले, नळी गुडघ्यावर टेकवून ताणावीशी वाटू लागली, तर ती रायफल तिची नाही. सरावाच्या एका बैठकीत तिला हे चाळीस ते साठ वेळा करायचे आहे. ताणलेली नळी छर्रा बसवेपर्यंत एका हाताने घट्ट धरून ठेवायची, ही शिस्त त्याच दिवशी शिकवा. चुकून चाप सुटला तर नळी झटक्याने मिटते आणि बोटे सापडतात.

अचूकता तपासायची पद्धत सोपी आहे. टेबलावर गादीची घडी ठेवून, तिच्यावर आपला डावा हात आणि हातावर रायफल ठेवून, कोणा सरावलेल्या माणसाकडून दहा मीटरवर पाच छर्रे एकाच जागी मारून घ्या. स्प्रिंग रायफल थेट कठीण वस्तूवर टेकवली तर उसळते आणि निकाल खोटा येतो, म्हणून मध्ये हात हवा. पाचही छिद्रांचा मिळून झालेला पुंजका एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेनऊ मिलिमीटरच्या आत मावला, तर ती रायफल तत्त्वतः प्रत्येक वेळी दहा गुण मिळवू शकते. हिशेब असा : ४.५ मिलिमीटरचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला नुसते शिवले तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छिद्राचे केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलेले चालते. पंधरा हजारांच्या रायफलीकडून इतकी अपेक्षा नेहमी पुरी होणार नाही. पण पंधरा मिलिमीटरच्या आतला पुंजका मिळाला तर पहिल्या वर्षासाठी तो भरपूर आहे. एकाच मॉडेलच्या दोन-तीन रायफली शेजारी ठेवून हे करता आले तर जरूर करा. त्यांच्यातला फरक कागदावर उघड दिसतो.

छऱ्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. सपाट तोंडाचे, स्पर्धेचे छर्रेच घ्या. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजता येत नाहीत. रायफलीसाठीच्या स्पर्धेच्या छऱ्याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते आणि एका डबीत सहसा पाचशे नग येतात. मुलीने आठवड्यातून चार दिवस साठ-साठ छर्रे मारले, तर एक डबी जेमतेम दोन आठवडे पुरते. वर्षाला पंचवीस डब्या झाल्या. डबी चारशे रुपयांना धरली तरी हे दहा हजार होतात. अठ्ठावीस हजारांची रायफल घेतली असती, तर उरलेल्या दोन हजारांत मुलगी किती दिवस खेळली असती, याचा विचार आपणच करावा. तीन-चार प्रकारच्या डब्या एकेक आणून वरच्या पद्धतीने पुंजका पाहावा आणि जो छर्रा त्या नळीला मानवतो, तोच वर्षभर वापरावा. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिने भाकरीला हात लावू नये, आणि छर्रे तोंडात धरण्याची सवय कधीही लागू देऊ नये.

घरी सराव करायचा तर गोठ्याची किंवा पॅकिंग शेडची लांब बाजू दहा मीटर सहज निघते. छर्रे अडवायला जाड लाकडी खोके घ्या, त्यात जुनी कापडे ठासून भरा आणि मागे लोखंडी पत्रा लावा. काळ्या दगडाच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर लक्ष्य टांगू नका. छर्रा उलटून डोळ्यापर्यंत येऊ शकतो, म्हणून चष्माही हवाच. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवा. खोक्याच्या मागे दार, वाट किंवा जनावरे नकोत, आणि घरातले मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय रायफल पिशवीतून बाहेर निघता कामा नये. आपल्याकडे शेतात छऱ्याची बंदूक आली की कोणीतरी पोपट, पारवे मारायला ती मागतेच. द्राक्षबागेला पाखरांचा त्रास होतो हे मला ठाऊक आहे; तरीही तिचा एकही छर्रा पाखरावर जाऊ देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलीला जो खेळ शिकायचा आहे, त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही.

जॅकेट, पँट आणि बूट यांचा खर्च या वर्षी पूर्ण टाळावा. नेमबाजीचे जॅकेट अंगाबरोबर शिवलेले असावे लागते आणि तेराव्या वर्षी घेतलेले पंधराव्या वर्षी होत नाही. डाव्या हातात घालायचा जाड हातमोजा आणि सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट पुरेत. आपल्या गटात जॅकेट चालते की नाही, हे शाळेच्या क्रीडा शिक्षकांमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आधीच विचारून घ्यावे. त्याच वेळी नोंदणीची शेवटची तारीखही विचारा, कारण बऱ्याच मुलांची संधी तिथेच हुकते.

खरेदीपूर्वी महिनाभर तरी तिला रेंजवर पाठवा. सांगली-मिरजेत जिथे जमेल तिथे किंवा सुट्टीत कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर नेले, तर ती चार प्रकारच्या रायफली हातात धरून पाहील, आणि तिचा कल टिकतो की नाही हे आपल्यालाही कळेल. रेंजच्या रायफलीवर पहिले काही महिने भागत असेल तर खरेदी तेवढी पुढे ढकला. पैसे कुठे जात नाहीत.

वर्षभरात ती टिकली आणि पीप साइटकडे वळावेसे वाटले, तर तेव्हा वापरलेली पीसीपी शोधू. मोठे खेळाडू रायफल बदलतात तेव्हा जुनी चांगल्या स्थितीत मिळते. मात्र अशा वेळी रायफलीची चमक पाहण्याआधी सिलिंडर फिरवून त्याच्या अंगावर कोरलेली तारीख वाचा. स्पर्धेच्या रायफलींचे सिलिंडर साधारणपणे दहा वर्षांसाठी वैध धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत नाकारला जाऊ शकतो आणि नवा घ्यायचा म्हणजे किमतीत मोठी भर पडते. मुदत कमी उरली असेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करूनच बोला.

मुलीची उंची, कोपरापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे माप आणि ती उजवा डोळा लावते की डावा, एवढे कळवलेत तर बट किती लांबीचा पाहावा, हे मी नेमके सांगू शकेन.